ओएसएमएनएक्स: रस्त्यांची जुळणी नेमकी मोजणारे, पण काळ न ओळखणारे साधन

ओएसएमएनएक्स हे पायथन या संगणकीय भाषेसाठी तयार केलेले मोफत साधन मी गेली काही वर्षे प्रामुख्याने एकाच कामासाठी वापरत आलो आहे. शहर जसजसे पसरत गेले तसतशी त्याच्या रस्त्यांची आपापसातली जुळणी कशी बदलली, जुन्या भागात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वाटा होत्या आणि नव्या भागात किती उरल्या, हे मोजणे हे ते काम. साधनाच्या सगळ्या सोयींचा आढावा घेण्याचा माझा हेतू नाही. या एका कामाला ते कितपत पुरते, कुठे चकवते आणि कुठे वापरणाराच स्वतःची फसगत करून घेतो, एवढेच येथे पाहायचे आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. जुळणी मोजण्यात याच्या तोडीचे मोफत साधन मला दुसरे आढळलेले नाही. परंतु काळ या साधनाला कळत नाही, आणि तो बाहेरून आणून देण्याची तयारी नसेल तर त्यातून निघणारे सुबक आलेख शहराच्या वाढीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

हे साधन जेफ बोइंग या नगररचनेच्या अभ्यासकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी त्यावरचा शोधनिबंध आला. त्याचा कच्चा माल म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, अर्थात २००४ मध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी रेखलेला खुला नकाशा. आपण एखाद्या शहराचे नाव दिले की साधन त्याची हद्द शोधते, त्या हद्दीतले रस्ते उतरवून घेते आणि त्यांचे रूपांतर बिंदू व रेषा यांच्या जाळ्यात करते. बिंदू म्हणजे चौफुली, तिठा किंवा बंद गल्लीचे टोक; रेषा म्हणजे दोन बिंदूंमधला रस्त्याचा तुकडा. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवताना शहराकडे याच नजरेने पाहिले होते, म्हणजे कल्पना जुनीच आहे. नवे आहे ते हे, की पूर्वी ज्या नकाशावर अभ्यासकाचा महिना गेला असता तो आता पायथनच्या चार ओळींत जाळे होऊन समोर येतो.

या चार ओळींमागे एक मोलाचे काम चुपचाप होत असते. ओपनस्ट्रीटमॅपवर वळणदार रस्ता काढताना वळणाचा आकार यावा म्हणून रेखणारा त्यावर वीस-पंचवीस बिंदू ठेवतो, आणि या बिंदूंना जोडणीच्या दृष्टीने काही अर्थ नसतो. ते तसेच मोजले तर वळणावळणाची वसाहत चौफुल्यांनी भरलेली आहे असा भास होईल. साधन हे नुसते वळणबिंदू काढून टाकते, मात्र रस्त्याचा खरा आकार आणि लांबी रेषेत जपून ठेवते. हद्दीच्या कडेचीही अशीच काळजी घेतलेली आहे. नकाशा हद्दीवर कापला की हद्द ओलांडून जाणारे रस्ते तुटतात आणि कडेला खोट्या बंद गल्ल्या तयार होतात. ते टाळण्यासाठी साधन हद्दीबाहेरचा अर्धा किलोमीटरचा पट्टा आधी उतरवून घेते, प्रत्येक बिंदूला प्रत्यक्षात किती रस्ते मिळतात ते नोंदवते आणि मगच जाळे छाटते. वाढत्या शहराची कड हाच ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, त्याच्या दृष्टीने या एका तजविजीसाठी साधनाचे निम्मे दोष माफ करावेत.

मोजायचे काय, हे एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. कागदावर पाच ओळी आणि पाच रकाने यांत पंचवीस बिंदू मांडा आणि शेजारच्या बिंदूंना रेषांनी जोडा. चाळीस रेषा होतील. आता तेच पंचवीस बिंदू झाडाच्या फांद्यांसारखे असे जोडा की कुठेही वेढा पूर्ण होणार नाही. त्याला चोवीस रेषा पुरतात. दोन्ही जाळ्यांत प्रत्येक बिंदूपासून प्रत्येक बिंदूकडे जाता येते. फरक एवढाच की पहिल्यात सोळा स्वतंत्र वेढे आहेत आणि दुसऱ्यात एकही नाही, म्हणजे पहिल्यात एक रस्ता खणला तर दुसरा असतो आणि दुसऱ्यात एक फांदी तोडली की तिच्या पलीकडचे सगळे अडकतात. वेढ्यांची संख्या आणि त्या बिंदुसंख्येत शक्य असलेले जास्तीत जास्त वेढे यांचे गुणोत्तर म्हणजे अल्फा निर्देशांक. आपल्या चौकटीसाठी तो सोळा भागिले पंचेचाळीस, म्हणजे ०.३६ येतो आणि झाडासाठी शून्य. रेषा भागिले बिंदू हा बीटा निर्देशांक चौकटीसाठी १.६ आणि झाडासाठी ०.९६. शहराच्या जुन्या गाभ्याकडून कडेकडे जाताना बहुतेक वेळा जे घडते ते या दोन आकृत्यांमधले अंतर कापणेच असते.

साधनाच्या तयार आकडेवारीत हे निर्देशांक मिळत नाहीत, ते स्वतः काढावे लागतात, आणि पहिली ठेच येथेच लागते. साधनातले जाळे वाहतुकीच्या दिशेचे भान ठेवते, म्हणून दुतर्फा रस्त्याच्या दोन रेषा होतात आणि एकेरी रस्त्याची एक. त्या तशाच मोजल्या तर बीटा जवळजवळ दुप्पट निघतो. मी पहिल्या आठवड्यात हीच चूक करून एका साध्या उपनगराला जगातल्या सर्वांत सुसंबद्ध शहरांच्या पंक्तीत बसवले होते. आधी जाळे दिशाहीन करून घ्यावे, हे माहितीपत्रकात लिहिलेले आहे. माहितीपत्रक मी नंतर वाचले. तयार आकडेवारीतला सर्वांत उपयोगी भाग माझ्या मते वेगळाच आहे: एक, तीन, चार रस्ते मिळणाऱ्या बिंदूंचे प्रमाण. बंद गल्ल्या किती, तिठे किती आणि चौफुल्या किती, या तीन संख्या शेजारी शेजारी ठेवल्या की निर्देशांकांपेक्षा अधिक बोलक्या ठरतात, आणि अभ्यासाबाहेरच्या माणसालाही त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आता या मोजणीतून दिसते काय? एखाद्या शहराचे कालखंडानुसार तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याच्या या तीन संख्या काढल्या, तर मोटारीच्या आधी आखलेल्या भागात चौफुल्या भरपूर मिळतात. मोटारीच्या सुरुवातीच्या दशकांत वसलेल्या पट्ट्यात चौफुल्यांची जागा तिठे घेऊ लागतात. आणि त्याच्या बाहेर मुख्य रस्त्याला एकाच तोंडाने जोडलेली, आत गोल फिरणारी किंवा बंद गल्ल्यांत संपणारी वसाहत सुरू होते. अमेरिकेपुरता हा आलेख पक्का झालेला आहे. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलर्ड-बॉल यांनी २०१५ मध्ये दाखवले की तिथल्या नव्या रस्त्यांची जुळणी विसाव्या शतकात ढासळत गेली, १९९४ च्या सुमारास ती तळाला पोहोचली आणि त्यानंतर सावरू लागली. खुद्द बोइंग यांनी याच साधनाने देशभराच्या जाळ्यांची तपासणी करून २०२० मध्ये तोच वळणबिंदू मांडला: १९४० पूर्वीचे भाग सर्वाधिक चौकटबद्ध, नव्वदचे दशक सर्वांत कमी, आणि २००० नंतर पुन्हा चौकटीकडे काहीशी ओढ.

याची कारणे साधन सांगत नाही, ती इतिहासात शोधावी लागतात, आणि ती माहीत नसतील तर संख्या मुक्या राहतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची चौकट १८११ च्या आराखड्याने घरे होण्याच्या आधीच आखून ठेवली. बार्सिलोनाचा विस्तार इल्डेफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या योजनेवर झाला. रस्ते आधी, भूखंड नंतर, असा तो क्रम होता. पुढे इंग्लंडात हॅम्पस्टेड उद्यान-उपनगरासाठी १९०६ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन बंद गल्ल्यांना मुभा मिळाली, १९२९ च्या सुमारास अमेरिकेत रॅडबर्नमध्ये आरपार जाणाऱ्या मोटारींना थारा न देणारी अंतर्गत रचना उभी राहिली आणि तीसच्या दशकात घरकर्जांना हमी देणाऱ्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने चौकटीच्या आखणीवर टीका करून गोल रस्ते व बंद गल्ल्यांची शिफारस केली. कर्जाची हमी ज्याच्या हाती, त्याची शिफारस म्हणजे व्यवहारात नियमच. त्यामागे हेतू वाईट नव्हता. घरासमोरून अनोळखी गाड्या धावू नयेत, मुले रस्त्यावर खेळावीत, हीच इच्छा होती. परंतु प्रत्येक जमीनमालकाने आपापल्या तुकड्यापुरता शांत रस्ता आखला आणि दोन तुकड्यांच्या मधली जोडणी कोणाच्याच कामाच्या यादीत राहिली नाही.

या ठिकाणी इटलीतल्या एका अभ्यासाची आठवण करणे भाग आहे, कारण वाढीच्या क्रियेबद्दल इतके नेटके विधान मी दुसरीकडे वाचलेले नाही. मिलानच्या उत्तरेकडील ग्रोआने या भागाचे १८३३ पासून २००७ पर्यंतचे नकाशे जाळ्यांत रूपांतरित करून एमानुएले स्ट्रानो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की जाळे दोन क्रियांनी वाढते. पहिलीत नवा रस्ता मोकळ्या जमिनीत शिरतो. दुसरीत तो आधीच्या रस्त्यांच्या मधली पोकळी भरून काढतो. पहिलीतून फांद्या फुटतात, दुसरीतून वेढे पूर्ण होतात, आणि काळ जातो तसा पहिलीचा वाटा घटून दुसरीचा वाढतो. म्हणजे कडेची वस्ती आज झाडासारखी दिसते यात काळजीचे कारण असेलच असे नाही, ती कदाचित तरुण असेल. मात्र हे मला नेहमी एका अटीवर पटते: मधली पोकळी शिल्लक असली पाहिजे. ग्रोआनेत दोन रस्त्यांमध्ये शेत होते, त्यातून तिसरा रस्ता निघू शकला. बंद गल्लीच्या टोकाशी जेव्हा चार खासगी भूखंड आणि त्यांच्या मागे दुसऱ्या वसाहतीची भिंत असते, तेव्हा दुसरी क्रिया सुरूच होऊ शकत नाही. इमारती पाडल्या जातात, वापर बदलतो, मालक बदलतात, पण रस्त्याची रेघ टिकते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ले-आउटची चूक आजच्या जाळ्यात जशीच्या तशी सापडते.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो, जी खरे तर साधनापेक्षा माझ्या भाबडेपणाविरुद्धची आहे. साधनाच्या मांडणीत एक सोय अशी आहे की नकाशाची मागणी करताना मागची तारीख देता येते आणि त्या दिवशी ओपनस्ट्रीटमॅप जसा होता तसा मिळतो. ही सोय सापडली तेव्हा मला घबाड हाती लागल्यासारखे वाटले. दहा वर्षांच्या अंतराने दोन नकाशे उतरवले, संख्या काढल्या आणि पाहतो तो मधल्या काळात बंद गल्ल्यांचे प्रमाण भराभर वाढलेले. मी त्यावर चार पाने लिहूनही काढली. मग जुन्या गाभ्यातला एक चौरस किलोमीटर, जिथे गेल्या शंभर वर्षांत नवा रस्ता निघालेला असणे शक्यच नव्हते, तो तपासला, तर तिथेही बंद गल्ल्या वाढलेल्या. गल्ल्या जुन्याच होत्या. त्या कोणीतरी स्वयंसेवकाने मधल्या काळात नकाशावर रेखल्या होत्या. रेखणारे आधी मोठे रस्ते घेतात, मग मधले, आणि बोळ व बंद गल्ल्या शेवटी; त्यामुळे नकाशा जितका पूर्ण होत जातो तितकी जुळणी खालावल्यासारखी दिसते. ती चार पाने नकाशाच्या वाढीबद्दल होती, शहराच्या नव्हे.

तेव्हा काळ बाहेरून आणावा लागतो, आणि त्याच्या तीन वाटा मला माहीत आहेत. पहिली म्हणजे त्या त्या भागातल्या घरांची बांधकाम-वर्षे घेऊन रस्त्याचे वय त्यावरून ताडणे. अमेरिकेतले अभ्यास मुख्यतः याच मार्गाने झाले, कारण तिथे अशी माहिती खुली आहे. दुसरी म्हणजे उपग्रहचित्रांवरून तयार केलेले वस्तीचे थर: बॅरिंग्टन-ली व मिलर्ड-बॉल यांनी जगभराचा अभ्यास करताना १९७५, १९९०, २००० आणि २०१४ या चार टप्प्यांवरील बांधलेल्या जमिनीचे थर ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवर टाकले आणि कोणता रस्ता कोणत्या टप्प्यात आला हे ठरवले. चार पायऱ्यांचा हा जिना खडबडीत आहे, पण जगभर एकसारखा आहे, आणि त्यावरूनच त्यांना आग्नेय आशियातल्या फाटकबंद वसाहतींची वाढ तसेच जपान व लॅटिन अमेरिकेतली तुलनेने सुसंबद्ध जाळी एका मापाने मोजता आली. तिसरी वाट जुने छापील नकाशे हाताने रेखून घेण्याची. ती सर्वांत कष्टाची आणि सर्वांत खरी. साधन बाहेरून आणलेले बिंदू आणि रेषांचे तक्तेही स्वीकारते, त्यामुळे जुना नकाशा एकदा रेखला की पुढची सारी मोजणी त्याच आज्ञांनी होते.

तिसऱ्या वाटेचे महत्त्व पहिल्या दोन वाटांच्या एका उणिवेमुळे आहे. आजचे रस्ते घेऊन त्यांना जुन्या तारखा चिकटवल्या की जे रस्ते मधल्या काळात पुसले गेले ते हिशेबात येतच नाहीत. फ्रेंच प्रशासक हाउसमनने १८५३ पासून पॅरिसच्या जुन्या वस्तीतून रुंद मार्ग काढले तेव्हा कित्येक गल्ल्या नाहीशा झाल्या. आजच्या नकाशावरून त्या काळाची जुळणी काढणारा माणूस पुसलेल्या पाटीवरचे अक्षर वाचू पाहतो. १७८९ ते २०१० या काळातील पॅरिसचे नकाशे घेऊन मार्क बार्थेलेमी व सहकाऱ्यांनी हा प्रश्न नीट हाताळला. त्यांना दिसले ते असे की रस्त्यांची संख्या आणि एकूण लांबी यांसारखी ढोबळ मापे शहराच्या लोकसंख्येबरोबर सहज वाढत गेली, आणि हाउसमनचा घाव दिसला तो वाहतुकीचा भार कोणत्या रस्त्यांवर एकवटतो याच्या मापात. कोणते माप निवडावे, याबद्दल याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

साधनाच्या पूर्वनियोजित निवडींबद्दलही, म्हणजे आपण काही न सांगता ते जे आपोआप धरून चालते त्याबद्दलही, बोलले पाहिजे, कारण त्या जुळणीच्या प्रश्नात थेट हात घालतात. मोटारीचे जाळे मागितले की खासगी म्हणून नोंदलेले रस्ते वगळले जातात. सामान्य मार्गशोधासाठी हे योग्यच आहे, परंतु फाटकबंद वसाहतींमुळे शहराची जुळणी कशी बदलली हे पाहणाऱ्याच्या हातून त्याचा विषयच गळून पडतो: जो भाग सर्वांत तुटलेला, तोच मोजणीबाहेर, आणि सरासरी मात्र सुधारलेली. शिवाय जाळ्याचा सर्वांत मोठा सलग तुकडाच ठेवायचा आणि सुटे तुकडे टाकून द्यायचे, हीसुद्धा मूळ निवड आहे. दोन्ही निवडी एका शब्दाने बदलता येतात, पण बदलायच्या आहेत हे आधी सुचावे लागते. मी आता प्रत्येक भाग तीनदा उतरवतो, मोटारीचा, पायी चालण्याचा आणि खासगीसह सगळ्यांचा, आणि तिन्हींतला फरक हाच निकाल मानतो. रॅडबर्नसारख्या रचनेत मोटारीचे जाळे बंद गल्ल्यांनी भरलेले आणि पायवाटांचे जाळे मात्र हिरवळीतून सलग जाणारे असे निघते. एकच जाळे पाहणारा अर्धी गोष्ट सांगेल. युरोपातल्या काही देशांनी नव्या वसाहतींत मोटारीला वळसा आणि पादचाऱ्याला व सायकलला सरळ वाट ठेवून जुळणी बरीचशी टिकवली, हेही पायवाटा धरल्याशिवाय दिसत नाही.

दुभाजकाच्या रस्त्यांचा घोळ वेगळा आहे. दुभाजक असलेला रस्ता नकाशावर दोन समांतर रेषांनी काढला जातो, त्यामुळे असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे माणसाच्या लेखी एक चौक आणि साधनाच्या लेखी चार. नवे भाग रुंद रस्त्यांचे असल्याने हा दोष नेमका नव्या भागांच्या पदरात जास्त गुण टाकतो. जवळचे बिंदू एकत्र करण्याची आज्ञा साधनात आहे आणि तिची मूळ मर्यादा दहा मीटर आहे. जुन्या दाट वस्तीत एवढ्या अंतरात दोन खरे तिठे असू शकतात, तर मोठ्या चौकाला दहा मीटर पुरतच नाहीत. एकच अंतर सगळ्या शहराला लावू नये, हे मी दोन भागांचे निकाल उलटेपालटे झाल्यावर शिकलो. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहत कार्यक्रमाने दर चौरस किलोमीटरला किमान ८० ते १०० चौक असावेत अशी शिफारस केलेली आहे. एकत्रीकरण न करता मोजले तर दुभाजकांच्या जोरावर एखादा विरळ भागही हा निकष सहज पार करतो आणि एकत्रीकरणानंतर त्याच्या बराच खाली येतो. अहवालात चौकांची घनता दिसली की एकत्रीकरणाचे अंतर किती धरले, हा पहिला प्रश्न विचारावा.

तयार आकडेवारीतला एक आकडा मात्र मी कोणालाच वापरू देणार नाही, निदान या कामासाठी. त्याचे नाव सरासरी वळसा असे आहे, आणि नावावरून वाटते की एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जाताना सरळ अंतराच्या किती पट चालावे लागते हे तो सांगत असेल. तसे नाही. तो प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याची लांबी आणि त्या तुकड्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर यांची तुलना करतो. म्हणजे रस्ता किती वाकडा आहे ते सांगतो, प्रवास किती लांबतो ते नव्हे. मी ज्या वसाहतीचा बराच काळ अभ्यास केला तिथे दोन घरे पाठीला पाठ लावून उभी आहेत. एकाच्या मागच्या खिडकीतून दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे दिसतात, मध्ये भिंत आहे, आणि भिंतीच्या दोन बाजूंच्या बंद गल्ल्यांच्या टोकांमधले अंतर साठ मीटर आहे. साधनाला मी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग विचारला, तेव्हा पडद्यावर लाल रेघ गल्लीतून बाहेर निघाली, वसाहतीच्या एकमेव तोंडातून मुख्य रस्त्याला लागली, पुढच्या वसाहतीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथून वळत वळत भिंतीच्या दुसऱ्या अंगाला येऊन थांबली. अंतर निघाले २.४ किलोमीटर, म्हणजे चाळीस पट. याच जाळ्याचा सरासरी वळसा साधनाने जेमतेम एकाच्या वर दाखवला होता, कारण प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर पुरेसा सरळ होता. उपाय आहे: जाळ्यातून काही हजार बिंदूंच्या जोड्या निवडाव्यात, प्रत्येकीचा खरा मार्ग काढावा आणि त्याला सरळ अंतराने भागावे. आठ-दहा ओळींचे काम आहे, पण ते करावे लागते.

दिशांच्या गुलाबाकृती आलेखाबद्दल थोडक्यात. रस्ते कोणकोणत्या दिशांना जातात याचे हे चित्र देखणे असते आणि त्यामुळे सर्वत्र फिरते. बोइंग यांच्या १०० शहरांच्या तुलनेत शिकागो सर्वांत सुव्यवस्थित ठरले होते. पण दिशांची शिस्त म्हणजे जुळणी नव्हे. काटकोनात आखलेल्या वसाहतीतही प्रत्येक गल्ली बंद असू शकते, आणि चारही दिशांना वाकडे जाणारे जुने बोळ एकमेकांना पदोपदी मिळत असू शकतात.

वेगाच्या बाबतीत साधन मध्यम आहे. एखाद्या उपनगराची मोजणी चहा होईपर्यंत उरकते. महानगराच्या प्रत्येक रस्त्यावरून किती लघुतम मार्ग जातात हे काढायला बसले तर साधा संगणक रात्र घेतो, तेव्हा नमुन्यावर भागवावे किंवा जाळे अधिक वेगवान अशा दुसऱ्या संगणकीय साधनात न्यावे. उतरवलेला नकाशा ते आपल्या संगणकावर साठवून ठेवते आणि तीच मागणी पुन्हा केली की साठवलेलाच देते. पुनर्तपासणीसाठी ही सोय उत्तम, मात्र नकाशा मध्यंतरी सुधारला असेल तर ते आपल्याला कळत नाही. २०२४ मधल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत बऱ्याच जुन्या आज्ञा निघाल्या किंवा बदलल्या, त्यामुळे जालावर सापडणाऱ्या जुन्या उदाहरणांतली अनेक आता चालत नाहीत. बटणे दाबून चालणारे हे साधन नाही, पायथनची तोंडओळख हवीच; ती नसेल त्या पत्रकाराने किंवा कार्यकर्त्याने एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्यावे. नगररचनेच्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्याच वर्षी ते हाताळायला हरकत नाही, आणि हाताळताना शेजारी जुना छापील नकाशा उघडा ठेवावा.

त्या भिंतीचे पुढे काय केले तेही सांगतो. साधनात जाळ्याला आपल्या हाताने रेषा जोडता येते. मी दोन्ही बंद गल्ल्यांची टोके साठ मीटरच्या एका पायवाटेने जोडली आणि सगळी मोजणी पुन्हा चालवली. सुमारे तीनशे बिंदूंच्या त्या जाळ्याचा अल्फा निर्देशांक फक्त ०.००१७ ने हलला, बंद गल्ल्या दोनने घटल्या आणि चौकांची घनता होती तिथेच राहिली. बिंदूंच्या जोड्यांचे मार्ग मात्र नव्याने काढले तेव्हा भिंतीच्या दोन्ही अंगांच्या कित्येक घरांमधले अंतर किलोमीटरांवरून शेकडो मीटरांवर आले, आणि मुख्य रस्त्याच्या ज्या तुकड्यावरून आधी या सगळ्यांची ये-जा दाखवली जात होती तो नकाशावर लालवरून फिका पिवळा झाला.